गेट

रविवार कारंजाला, भेळभत्त्याच्या दुकानावर
माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
जिना अरुंद, चुरमुऱ्यांचा वास फुकट.
आज फळ्यावर एकच शब्द लिहिला : गेट.

'फाटक,' मागून किसन निमसे म्हणाले.
बत्तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर
हिरवी झेंडी धरून उभे राहिलेले गृहस्थ,
त्या शब्दावर पहिला हक्क त्यांचाच.

फाटक नव्हे, म्हटलं. क्रियापद.
आणि खडू अर्धा होईस्तोवर सांगत राहिलो :
पत्र येणं गेट, ताप येणं गेट,
भिजणं, म्हातारं होणं, विनोद कळणं,
सिडकोत पोचणं, द्वारकेला बसमधून उतरणं,
साहेबाच्या शिव्या खाणं,
लग्न होणं, आणि सावरणं त्यानंतरचं.
'एवढी कामं एकट्याला?' उज्मा तांबोळी म्हणाली,
'कंत्राटी दिसतोय.'

कुळ विचाराल तर उत्तरेकडचं.
थंड समुद्रावरून लांब होड्या घेऊन जे आले
त्यांच्याबरोबर उतरला हा इंग्रजांच्या किनाऱ्यावर.
मूळ अर्थ : धरणं. मुठीत आवळणं.
याच मुळाची दुसरी फांदी
लॅटिनमधून वळसा घालून प्रिझनपाशी पोचली.
'म्हणजे आपला जेल रोड?'
नाही. जेल वेगळ्या घरचा, तो पिंजऱ्यातून आला.
निमश्यांनी वहीत लिहून घेतलं : पिंजरा.

मग समानार्थी. ऑब्टेन अर्जात शोभतो,
रिसीव्ह पावतीवर.
अ‍ॅक्वायर मी समजावला नाही,
दुसऱ्या बाकावर ज्यांच्या शेतातून रस्ता गेलाय
ते दोघं बसले होते.

वत्सला तुंगार इतका वेळ गप्प होती.
मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर ती,
परदेशी साहेब आला की बोलता यावं म्हणून येते.
'सर, यांच्यात सगळं धरूनच आणायचं का?
आपल्याला तर भूक लागते.
ठेच लागते. उचकी लागते.
काल मला झोप लागली, मी कुठं गेले होते तिला पकडायला?'

वर्ग सुटलाच मग.
नंबर लागतो. निकाल लागतो. हळद लागते.
मुंबईला निघा, तुम्ही खिडकीशी बसलेले असता
आणि कसारा आपणहून लागतो.
'दारू लागते,' कुणीतरी म्हणालं, कोण ते मी पाहिलं नाही.
'शेजाऱ्याच्या भिंतीला आमची भिंत लागून आहे,
त्याचा खटला कोर्टात आहे.'

मी म्हणालो, व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तर
आणि पुढचं वाक्य मला मिळालं नाही.

वत्सला उठली. माझ्या हातचा खडू घेतला,
चिमटीत एका टोकाला धरून हवेत उभा केला.
'घड असा उचलायचा. देठ धरून.
मण्याला बोट लागता कामा नये.
लागलं की वरची पांढरी लव पुसते,
साहेब पेटी बाजूला काढतो.
दिवसाला नव्वद बायकांना मी हेच सांगते :
धरा, पण लागू देऊ नका.
हे इंग्रजीत कसं सांगू?'

टच, म्हणालो मी. डोन्ट टच.
तिने मान हलवली, म्हणजे कामापुरतं झालं.

खाली दुकानदार शटर ओढत होता.
निमसे चपला शोधत रेंगाळले.
नातू तिकडे गेला, एडिनबर्गला, सहा वर्षांचा,
दर रविवारी फोनवर इंग्रजीत बोलतो.
'त्याला सांगायचंय, माझा जीव लागलाय त्याच्यावर.
यात तुमचा गेट कुठं बसतो?'

मी डस्टर उचललं, परत ठेवलं.
पुढच्या बुधवारी सांगतो, म्हणालो.
शब्द पुसलाच नाही शेवटी.
सांगली बँकेच्या सिग्नलला स्कूटरवर थांबलो
तेव्हा दिव्याच्या उजेडात दिसलं,
बोटांना पांढरं लागलं होतं.